नवरा गेल्यानंतर पैसे, कागद आणि हक्क: सोलापूरच्या महिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत ज्या बायकांचा नवरा गेला आहे, ज्यांच्यासमोर बँक, पीएफ, तहसील, सातबारा, कर्जाचे हप्ते असं सगळं एकदम येऊन पडलं आहे, त्यांच्यासाठी हे प्रश्न आणि उत्तरं. पूर्व भागातल्या बिडी कामगार बायका, यंत्रमागावरच्या कामगारांच्या घरचे, मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या शेतकरी बायका, सगळ्या फिरून फिरून हेच विचारतात.

जिथे लगेच धावायला हवं तिथे उशीर होतो आणि जिथे थांबायला हवं तिथे घाई होते, असं बहुतेक घरांत दिसतं. दाव्याचे अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतात, पण हक्कसोड पत्रावरची, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडून दिल्याच्या दस्तावरची, सही दहाव्याच्या दिवशीच होऊन जाते. म्हणून प्रत्येक उत्तर वाचताना एवढं बघा: हे काम मागण्याचं आहे की देण्याचं? मागायचं असेल तर आज करा. द्यायचं असेल तर थांबा.

सगळ्यात आधी कोणता कागद काढायचा?

मृत्यूचा दाखला. तो नसेल तर पुढचं एकही दार उघडत नाही. शहरात महानगरपालिका आणि गावात ग्रामपंचायत मृत्यूची नोंद करते. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखाना कळवतो, घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायचं. उशीर झाला तर दंड, परवानगी अशा पायऱ्या वाढत जातात आणि वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

दाखला हातात घेण्याआधी नाव नीट वाचा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. तेलुगू आणि कन्नड आडनावं मराठीत एक, इंग्रजीत दुसरी आणि पीएफच्या कागदावर तिसरी, असं सर्रास असतं. आधार, बँक पासबुक आणि दाखला या तिन्हींवर नाव एकच असेल असं पाहा, चूक असेल तर तिथेच दुरुस्ती मागा. दहाएक प्रती एकदमच काढून ठेवा. मृत्यू अपघाती असेल तर पोलिसांची पहिली खबर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रतीही मिळवा, कारण अपघाताचा प्रत्येक दावा या तीन कागदांवर उभा असतो.

घरचे म्हणतात, वर्षभर बाहेर पडायचं नाही. मग ही कामं कशी करू?

बायकांचं सगळ्यात जास्त आर्थिक नुकसान इथेच होतं. काही योजनांची मुदत ३० दिवसांची आहे, काहींची ६ महिन्यांची. सुतक संपलं, महिना गेला, मग सणाला कसं जायचं, मग वर्षश्राद्ध होऊ दे, असं करता करता मुदती निघून जातात. कार्यालयात तारीखच बघतात, तुम्ही घरात का बसला होतात हे कुणी विचारत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. आपल्या करमाळ्यातूनही या कामासाठी मोठी धडपड झालेली आहे. बाहेर पडणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अनादर नाही. त्याने घाम गाळून भरलेला हप्ता बुडू न देणं, हा त्याचा मानच आहे.

तरीही निघता येत नसेल, किंवा मुस्लिम भगिनी ४ महिने १० दिवसांच्या इद्दतीत असेल, तर काम थांबवू नका. भाऊ, मोठा मुलगा, बहीण यांना कार्यालयात पाठवून कोरे अर्ज घरी मागवा, घरी सह्या करा आणि अर्ज द्यायला त्यांना पाठवा. फक्त सही तुमची असली पाहिजे आणि अर्जावरचं खातंही तुमचंच असलं पाहिजे.

त्यांच्या एटीएमने किंवा फोनवरून पैसे काढले तर चालतील का? पिन मला माहीत आहे.

नको. खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड किंवा यूपीआय वापरणं नियमात बसत नाही. उद्या दीर-नणंदेशी वाद झाला तर हेच व्यवहार तुमच्याविरुद्ध दाखवले जातात. खातं दोघांचं असेल आणि त्यात ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी अट असेल, तर तुम्हाला स्वतःच्या सहीने पैसे काढता येतात.

आणि तेराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढू नका. हे सांगायला जड जातं, पण सांगितलंच पाहिजे. पहिल्या पंधरा दिवसांत उसनवारीने झालेला खर्च पुढची दोन वर्षं फेडणाऱ्या बायका सोलापुरात प्रत्येक पेठेत आहेत.

बँकेतले त्यांचे पैसे मला कसे मिळतील? किती दिवस लागतात?

खात्यावर तुम्ही नॉमिनी असाल तर दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि तुमची ओळखपत्रं पुरतात. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नॉमिनी नसेल तर रक्कम किती आहे त्यावर पुढचं ठरतं. मर्यादेच्या आतली रक्कम असेल तर सगळ्या वारसांचं संमतिपत्र आणि हमीपत्र घेऊन बँक पैसे देते. त्याहून मोठी असेल किंवा वारसांत भांडण असेल तर दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणावं लागतं आणि त्याला काही महिने लागतात.

‘नंतर या’ असं तोंडी सांगितलं तर कोणते कागद कमी आहेत ते लिहून मागा. त्यानेही भागलं नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठीचा क्रमांक १४४४८ आहे आणि तक्रार फुकट होते.

नॉमिनी सासूबाई आहेत. मग मला काहीच मिळणार नाही का?

मिळेल, पण पैसे कुठले आहेत त्यावर ते ठरतं. बँकेत नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालक नव्हे. सासूबाईंनी पैसे उचलले तरी तुमचा आणि मुलांचा वाटा कायम राहतो.

पीएफचा नियम तुमच्या बाजूने आणखी भक्कम आहे. लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्न झाल्यावर आपोआप रद्द होतं. कामाला लागताना त्यांनी आईचं नाव लिहिलं आणि पुढे बदललंच नाही, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पीएफ कार्यालयात हा मुद्दा लेखी मांडा. विधवा पेन्शन तर पत्नीलाच मिळते.

आयुर्विम्याचं मात्र वेगळं आहे. पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम २०१५ पासून त्या नॉमिनीच्याच हक्काची धरली जाते. पॉलिसीत सासूबाईंचं नाव असेल तर तिथे वकिलाचा सल्ला घ्या. तो फुकट कसा मिळतो ते पुढे दिलं आहे.

त्यांचा विमा होता की नाही हेच मला माहीत नाही. कसं शोधू?

पासबुक उघडा आणि मे-जूनच्या नोंदी पाहा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख रुपये मिळतात. २० रुपये कापलेले दिसले तर ती सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू असेल तर तिचेही २ लाख. दोन्ही विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. दावा त्याच बँकेच्या शाखेत द्यायचा, तोही शक्यतो ३० दिवसांच्या आत. बँक स्वतःहून तुम्हाला बोलवून सांगेल अशी वाट पाहू नका, विचारायला तुम्हीच जा.

जनधन खातं आणि रूपे कार्ड असेल तर अपघाती विमा वेगळा असतो. कार्ड त्याआधीच्या ९० दिवसांत वापरलेलं असावं लागतं.

दुचाकीची कागदपत्रं काढा. गाडी त्यांच्या नावावर होती, तेच चालवत होते आणि परवाना चालू होता, तर विमा पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते पाहा. पुणे आणि हैदराबाद महामार्गावर इतके अपघात होतात, पण ही ओळ फार थोड्या घरांत वाचली जाते. समोरच्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज करता येतो. त्याला कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी २ लाखांची भरपाई सरकारच्या योजनेतून मिळते.

शिवाय पासबुकात एलआयसी किंवा दुसऱ्या कंपनीचे हप्ते, पगारातून कापलेला विमा, पतसंस्थेच्या कर्जासोबतचा विमा, गृहकर्जाचा विमा हे सगळं शोधा. पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असेल तर कंपनी चौकशी करते, घाबरू नका, मागितलेले कागद द्या. तीन वर्षं पूर्ण झाली असतील तर आजार लपवला होता म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

जुनी विसरलेली बँकखाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. मुलांना सांगा, दहा मिनिटांत पाहून होतं.

ते एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. मालक म्हणतो, काही निघत नाही.

मालकाच्या शब्दावर थांबू नका. तीन गोष्टी तपासा.

पहिली पीएफ. त्यांच्या मोबाइलवर पीएफचे संदेश यायचे का, पगारपत्रकात कपात होती का, यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफ क्रमांक, कुठे लिहिलेला आहे का, ते पाहा. पीएफचं कार्यालय सोलापुरातच आहे. पीएफ असेल तर तीन दावे होतात: साठलेली रक्कम, विधवा पेन्शन आणि ठेवीशी जोडलेला विमा. या तिसऱ्याबद्दल बहुतेकींनी ऐकलेलंच नसतं. नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्याखाली ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापलेला नसतो. विधवा पेन्शन महिन्याला किमान १,००० रुपये आहे. थोडी आहे, पण दुसरं लग्न केलं नाही तर ती जन्मभर मिळते आणि सोबत दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत वेगळी पेन्शन मिळते. पेन्शन निधीत एका महिन्याचा भरणा झाला असला तरी नोकरीत असताना गेलेल्या कामगाराच्या पत्नीला ती लागू होते.

दुसरी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपल्यावर मालकाने एकदम द्यायची रक्कम. पाच वर्षं नोकरी झाली नव्हती म्हणून मिळत नाही, असं सांगतात. मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही.

तिसरी कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय. कामावर असताना अपघाताने मृत्यू झाला तर पत्नीला, मुलांना दरमहा अवलंबितांचा लाभ मिळतो. अंत्यसंस्कारासाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्चही मिळतो.

यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर, हातात कोणताच कागद नसताना काम केलेलं असेल तर वाट अवघड आहे, बंद नाही. हजेरीच्या वहीचा फोटो, सोबतच्या कामगारांचे जबाब, मालकाने फोनवर पाठवलेले पैसे, हे सगळं पुराव्यात धरतात. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. कामगार संघटनेला सोबत घ्या, सोलापुरात संघटना जुन्या आहेत आणि त्यांना हे कागद तोंडपाठ असतात.

कोऱ्या कागदावर ‘सर्व हिशेब मिळाला’ अशी सही मालकाने मागितली तर देऊ नका. ‘त्याशिवाय पगार देत नाही’ म्हणाला तरी देऊ नका.

मी स्वतः बिडी वळते. माझ्या कार्डाचं काय?

तुमचा पीएफ तुमचा आहे, नवऱ्याच्या जाण्याने त्याला काही होत नाही. पण त्यावर नॉमिनी म्हणून त्यांचंच नाव असणार. ते बदलून मुलांची नावं घाला. आत्ता पैशाची ओढ आहे म्हणून पीएफ मोडायचा विचार मनात येईल. आधी वर दिलेले सगळे दावे करा आणि पीएफला शेवटी हात लावा. पान, तंबाखू आणि सुपात गेलेल्या एवढ्या वर्षांची तीच तर एक शिल्लक आहे.

ते गवंडीकाम करायचे. किंवा शेती होती.

बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी चालू असेल तर नैसर्गिक मृत्यूला २ लाख, कामावरच्या अपघाती मृत्यूला ५ लाख आणि विधवा पत्नीला वर्षाला २४,००० रुपये पाच वर्षांपर्यंत मिळतात. नोंदणीचं कार्ड शोधा आणि नूतनीकरणाची तारीख पाहा.

शेतकऱ्याचा मृत्यू अपघाताने झाला असेल, त्यात सर्पदंश, विजेचा धक्का, विहिरीत बुडणं हेही आलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांत. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असला आणि नवऱ्याचं नाव नसलं तरी कुटुंबातला एक सदस्य योजनेत बसतो, म्हणून विचारल्याशिवाय परत फिरू नका.

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात, चौकशीत ते पात्र ठरलं तर, १ लाखाची मदत मिळते. कुटुंबाला लाज वाटते म्हणून कारण लपवू नका, त्याने मुलांचं नुकसान होतं.

दरमहा सरकारकडून काय मिळू शकतं?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. वय ६५ च्या आत हवं. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार, म्हणजे फारच कमी आहे, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढताना नवऱ्याचं उत्पन्न आता धरू नये हे सांगा. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेवा केंद्रातून. शहरात राहणाऱ्यांनी आपला तालुका उत्तर सोलापूर की दक्षिण सोलापूर हे आधी पक्कं करा, नाहीतर दोन कार्यालयांत चकरा होतात.

लाडकी बहीण योजनेत विधवाही पात्र आहेत. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० रुपये मिळत असतील तर दोन्ही मिळत नाहीत. दोन्हीकडे अर्ज करून ठेवू असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पुढे वसुली निघते.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. हाही अर्ज तहसीलमध्येच, मग निराधारचा अर्ज देतानाच सोबत द्या.

रेशनकार्डावरून त्यांचं नाव कमी करा आणि कुटुंबप्रमुख म्हणून स्वतःचं नाव लावा. अन्न सुरक्षा कायद्याने घरातली सगळ्यात मोठी स्त्रीच कुटुंबप्रमुख असते. विधवा प्रमुख असलेल्या गरीब कुटुंबाला अंत्योदय कार्ड मागता येतं, तेही विचारा.

मुलांची शाळा कशी चालवू?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. वडील गेलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, आणि बालकल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जावं लागतं. वेळ लागतो, पाठपुरावा लागतो, पण एका मुलाची रक्कमही निराधारच्या पैशांपेक्षा मोठी आहे, दोन मुलं असतील तर ती तिप्पट होते. मला विचाराल तर निराधार योजनेइतकंच महत्त्व याला द्या. आणि मोठ्या मुलीची शाळा सोडवून तिला बिडीला बसवू नका.

शेतात आणि घरात माझा वाटा किती? दीर म्हणतात, हक्कसोड लिहून दे, आम्ही सांभाळू.

हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांना समान वाटा मिळतो. तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई असाल तर चार सारखे वाटे. मालमत्ता वडिलोपार्जित असेल तर आधी नवऱ्याचा हिस्सा ठरतो, मग त्याचे हे वाटे होतात. भावांना किंवा सासऱ्यांना नवऱ्याच्या स्वतःच्या कमाईच्या घरात, पत्नी-मुलं असताना, वारस म्हणून काही मिळत नाही.

आता हक्कसोडाबद्दल. दहाव्याला सगळे जमलेलेच आहेत, दुय्यम निबंधक कार्यालयात ओळख आहे, एकदा सह्या उरकून टाकू, असं गोड बोलून सांगितलं जातं. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र रद्द करायचं तर न्यायालयात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. त्यात वर्षं जातात. ‘सांभाळू’ हा शब्द त्या दस्तात कुठेही नसतो. सासरच्यांचा हेतू चांगलाही असेल, पण तो चांगला असेल तर एक वर्ष थांबायला त्यांची काय हरकत आहे? एवढंच शांतपणे विचारा. काही वाचायला न देता सही मागितली तर ‘माझ्या भावाला दाखवून सांगते’ म्हणा आणि उठा. अंगठा देणाऱ्या बहिणींनी तर सोबत वाचणारं माणूस असल्याशिवाय अंगठा देऊच नये.

त्याच वेळी स्वतःच्या बाजूने वारस नोंद मात्र लगेच करा. गावात तलाठ्याकडे, त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही देता येतो. अर्जात मुलींची नावं गाळू देऊ नका. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून वाचा. शहरात घर असेल तर नगर भूमापन कार्यालयातल्या मालमत्ता पत्रकावर नाव लावा. महापालिकेच्या घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नाही, हा गैरसमज पेठांमध्ये फार आहे.

अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलांच्या नावावरची जमीन-घर विकायला सहसा न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे ‘मुलांच्या वाट्याची सही आईने केली की झालं’ असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

मुस्लिम कुटुंबात वाटा कसा असतो?

मुलं असतील तर पत्नीला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. मेहर बाकी असेल तर ते नवऱ्यावरचं कर्ज आहे आणि वाटणी होण्याआधी ते द्यावं लागतं. हे आवर्जून मागा.

सासरचे घर सोडायला सांगत आहेत.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, ज्या घरात तुम्ही नवऱ्यासोबत राहत होता तिथे राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, घर सासूच्या नावावर असलं तरी. विधवा सुनेलाही हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तातडीची मदत लागली तर १८१ वर फोन करा.

रागाच्या भरात माहेरी निघून जाऊ नका. जावंच लागलं तर आपली आणि मुलांची सगळी मूळ कागदपत्रं, दागिने आणि पासबुकं बरोबर घ्या.

त्यांचं कर्ज मला फेडावं लागेल का?

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर हो. नसाल तर त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतंच. तुमच्या पगारातून, तुमच्या बिडीच्या पैशांतून, तुमच्या स्त्रीधनातून ते वसूल करता येत नाही. बँकेला पहिला प्रश्न विचारायचा: या कर्जावर विमा होता का? गृहकर्ज, वाहनकर्ज आणि गटाच्या छोट्या कर्जांवरही तो बऱ्याचदा घेतलेला असतो. कर्जदाराने हप्ता भरलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. विमा असेल तर कर्ज त्यातून फिटतं.

मायक्रोफायनान्सचं कर्ज बहुतेक बाईच्याच नावावर असतं आणि नवऱ्याला त्यात सहभागी धरलेलं असतं. काही वेळा नवऱ्याच्या मृत्यूवरही विमा लागू असतो, म्हणून कार्ड नीट वाचा. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही, शिवीगाळ करता येत नाही, गटातल्या बायकांना घरासमोर बसवता येत नाही. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढणं हा सगळ्यात वाईट रस्ता. त्यापेक्षा लेखी अर्ज करून हप्त्यांची मुदत वाढवून मागा.

सावकाराने ‘तुझ्या नवऱ्याने दोन लाख घेतले होते’ म्हटलं तर आधी परवाना आणि कागद दाखवायला सांगा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. बेकायदा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर मागच्या १५ वर्षांतला असा व्यवहार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्यासमोर उघडता येतो. तोंडी कर्ज खरं असल्याचं तुमचं मन सांगत असेल तर फेडा, पण हळूहळू, पावती घेऊन, आणि मुलांचं पोट भरल्यावर.

विम्याचे, पीएफचे पैसे एकदम आले. कुठे ठेवू?

पहिले सहा महिने कुठेच गुंतवू नका. राष्ट्रीयीकृत बँकेत तुमच्या एकटीच्या नावाच्या खात्यात ठेवा, मोठी रक्कम सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका. रक्कम आल्याचं कळलं की माणसं येतात. भाच्याला रिक्षा घ्यायची असते, दिराला माग टाकायचा असतो, ओळखीचा एजंट दामदुप्पट सांगतो. ‘पैसे मुदत ठेवीत अडकलेत’ हे उत्तर खरंही असतं आणि नातंही टिकवतं.

मग हिशेब करा. महिन्याचा खर्च मांडा: भाडं, ज्वारी, तेल, वीज, शाळा, औषध. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. महागडं कर्ज फेडा. उरलेल्यातून दरमहा उत्पन्न येईल असं बघा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर ९ लाखांपर्यंत ठेवता येतात. ७.४ टक्के दराने ९ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये येतात आणि मुद्दल पाच वर्षांनी तसंच परत मिळतं. वय ६० च्या पुढे असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर त्याहून जास्त असतो.

पतसंस्था दोन टक्के जास्त देते, हे खरं आहे. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला तेव्हा हे विम्याचं संरक्षणच ठेवीदारांच्या कामी आलं. म्हणून रक्कम मोठी असेल तर एकाच बँकेत ५ लाखांहून जास्त ठेवू नका, आणि नवऱ्याच्या जिवाच्या बदल्यात आलेला पैसा भिशीत तर अजिबात घालू नका.

कडक भाकरी, शेंगाचटणी, गणवेशाची शिलाई, असा धंदा करावासा वाटला तर जरूर करा, सोलापुरात त्याला गिऱ्हाईक आहे. पण आधी बचत गटातून किंवा दुसऱ्याच्या हाताखाली सहा महिने करून पाहा. सगळी रक्कम एकदम मशीन आणि दुकानाच्या पागडीत घालू नका.

दुसरं लग्न केलं तर सगळं परत द्यावं लागतं का?

नाही. पहिल्या नवऱ्याकडून वारसाने आलेला वाटा तुमचाच राहतो. पीएफची विधवा पेन्शन आणि निराधारचं अनुदान मात्र बंद होतं, मुलांचे हक्क चालू राहतात. त्यामुळे कुणी वाटा काढून घ्यायची धमकी देऊन तुमचा निर्णय अडवू शकत नाही.

प्राप्तिकर भरावा लागतो का?

मृत्यूनंतर मिळालेल्या आयुर्विम्याच्या रकमेवर कर नाही. ठेवींवरच्या व्याजावर असतो. नवऱ्याचं विवरणपत्र दरवर्षी जात असेल तर शेवटच्या वर्षाचं वारस म्हणून तुम्ही भरायचं, परतावा असेल तर तोही त्यातूनच येतो.

वकील परवडत नाही, आणि कार्यालयात एकटीने जायची भीती वाटते.

स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच ते लिहिलेलं आहे. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या न्यायालयांत तालुका समित्या आहेत. दूरध्वनी १५१००. वकील मिळतो, अर्ज लिहून मिळतो, कोर्ट फीचा भार उचलला जातो.

जाताना एक माणूस सोबत न्या, शक्यतो ज्याला तुमच्या मालमत्तेत काही मिळणार नाही असं. माहेरचा भाऊ, मैत्रीण, गटाची अध्यक्ष. मराठी बोलताना अडखळत असाल, घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर ज्याला दोन्ही येतं त्याला घ्या. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. एक दोनशे पानी वही करा: कोणत्या तारखेला कुठे गेले, कोण भेटलं, काय सांगितलं, पुन्हा कधी बोलावलं. तक्रार करायची वेळ आली तर ही वही पुरावा म्हणून कामी येते.

आता माझ्या स्वतःच्या नावावर काय करून ठेवू?

एकटीच्या नावाचं बँक खातं, आधारला जोडलेलं. त्याचा मोबाइल क्रमांक तुमचा, मुलाचा किंवा दिराचा नाही. खात्यावर, पीएफवर, ठेवींवर नवा नॉमिनी. मुलं अज्ञान असतील तर पालक म्हणून विश्वासातल्या माणसाचं नाव. वय ५० च्या आत असेल तर ४३६ रुपयांचा आणि ७० च्या आत असेल तर २० रुपयांचा विमा तुमच्या स्वतःच्या नावावर लगेच सुरू करा, कारण आता या घराचा कमावता माणूस तुम्ही आहात. मग मृत्युपत्र. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होतं, नोंदणी बंधनकारक नाही. आणि ही सगळी कागदपत्रं कुठे ठेवली आहेत ते मोठ्या मुलाला किंवा मुलीला दाखवून ठेवा, कपाटाच्या चावीसकट.